उसातून आलेला उदो

देवीवर माझी श्रद्धा होती असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. माझं माहेर बारामती शहरातलं. तिथं देव म्हणजे संध्याकाळचा दिवा आणि चतुर्थीचा उपवास. लग्न होऊन इंदापूर तालुक्यातल्या या गावात आले आणि सासूबाईंना देवीशी बोलताना पाहिलं, तेव्हा मला गंमतच वाटली होती. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. शेजारणीला सांगावं तसं त्या देवीला सगळं सांगायच्या. मी शेजारी हात जोडून उभी असायचे, पण मनात काहीच यायचं नाही.

आमचं भवानीचं देऊळ ओढ्याच्या काठाला आहे. त्याची गोष्ट अशी सांगतात, की एक भक्त दर पौर्णिमेला तुळजापूरला चालत जायचा. म्हातारपणी पाय थकले तेव्हा देवी म्हणाली, "आता मीच येते, तू फक्त मागं वळून बघू नकोस." या ओढ्यात तिच्या पैंजणांचा आवाज थांबला, त्यानं वळून पाहिलं आणि देवी तिथंच राहिली. गावातली माणसं म्हणतात, त्याचा विश्वास डळमळला. आत्यांना ते पटत नसे. "वल्या दगडावरनं पाय घसरला का काय, म्हनून बघितलं त्यानं. काळजीनं बघितलं. म्हनून तर ती रागावली न्हाय, ऱ्हायली."

नवरात्रात गावातल्या बायका देवळात बसतात. नऊ दिवस घरी यायचं नाही, तिथंच झोपायचं, पायात चप्पल घालायची नाही. आत्यांनी हे व्रत कधी चुकवलं नव्हतं. पण अलीकडे त्यांना विसर पडू लागला होता. सकाळ की संध्याकाळ ते कळेना, कधी मलाच त्या "तू कुनाची गं?" असं विचारायच्या. डॉक्टरांनी एकटं सोडू नका म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे या वर्षी आम्ही त्यांना घरीच ठेवलं.

अष्टमीचा दिवस होता. आमचे हे लोणी देवकरला कारखान्यात कामावर गेले होते. मी फुलोऱ्यासाठी कडाकण्या तळत होते आणि आत्या बाहेर ओट्यावर बसल्या होत्या. घाणा उतरवून बाहेर आले तर ओटा रिकामा. चपला तिथंच होत्या.

आधी वाटलं, परसात असतील. मग शेजारी पाहिलं. मग देवळात. तिथं बसलेल्या बायका म्हणाल्या, आल्याच नाहीत. शेजारचे तात्या, नात्यानं माझे चुलत सासरे, मोटारसायकल काढून स्टँडपर्यंत जाऊन आले. कुणी विहिरी पाहिल्या. विहिरीच्या काठाशी जाऊन खाली वाकताना मी डोळे मिटून घ्यायचे आणि मग उघडायचे. वरकुट्याकडून पाहुणे आले होते, ते बिबट्याचं बोलत होते. मला पाहिलं तसा त्यांनी विषय बदलला.

आश्विनातला ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो. त्यात माणूस शिरला की हातभर अंतरावरचा दिसत नाही. मी बांधाबांधानं हाका मारत पळत होते. देवळावरच्या भोंग्यातून गाणी चालू होती, माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. ऊन उतरलं. तेवढ्यात तात्या समोरून आले. त्यांचा चेहरा पाहूनच मी थांबले.

"सूनबाई, आज आपल्या चारीला पाळी हाय. कालव्याचं पानी सुटलंय वरनं."

चारी म्हणजे कालव्यातून शेतात पाणी आणणारा पाट. एरवी कोरडा असतो, पाणी आलं की कमरेएवढा भरून वाहतो. तात्या पाटकऱ्याला फोन लावत होते, फोन लागत नव्हता.

मी देवळात गेले. भोंग्यावरून पुकारायला लावलं. पुकारून झालं आणि गाणं पुन्हा सुरू झालं. मी पायरीवर बसले आणि तिथूनच ओरडत राहिले, आत्यांच्या नावानं, देवीच्या नावानं, कुणाच्या नावानं ते मलाही कळत नव्हतं. पायरीवर एक अनोळखी आराधीण बसली होती. गळ्यात कवड्यांची माळ, मांडीवर परडी. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"वरडू नगंस, बाई. तू वरडतीस, त्या बी कुठंतरी वरडत असतील. मग आयकायचं कुनी?"

मी तिच्याकडे पाहिलं. गाणं बंद करायला सांगावं म्हणून उठले आणि त्याच क्षणी सभामंडपातले दिवे गेले. भोंगा अर्ध्या शब्दात तुटला.

"जनरेटर लावा रे!" कुणीतरी म्हणालं.

"थांबा!" मी किंचाळले. "काही लावू नका. हात जोडते, कुणी बोलू नका."

संबळ थांबला. बायका थांबल्या. इतकी माणसं असून उसाच्या पानांची सळसळ ऐकू येत होती. त्या क्षणी मी काही मागितलं नाही. मागायला काही उरलंच नव्हतं. मी नुसती ऐकत उभी राहिले.

आणि ओढ्यापलीकडच्या उसातून बारीक, चिरका आवाज आला. "उदो... आई राजा उदो..."

तात्या आणि मी ओढा ओलांडून उसात शिरलो. पानांनी तोंड कापत होतं, तिकडे लक्ष नव्हतं. आत्या चारीत पडल्या होत्या. एक पाय वाकडा झाला होता, पाणी छातीला लागलं होतं, आणि एका हातानं त्यांनी काठावरचा ऊस घट्ट धरला होता. आम्ही दोघांनी त्यांना वर ओढलं. त्या थरथरत होत्या, पण मला पाहून रागानंच म्हणाल्या, "देवळात निघाले हुते. वाट कुनी नांगरली?"

तात्यांच्या डोळ्यात पाणी आलं. डांबरी सडक व्हायच्या आधी देवळाची पायवाट तिथूनच जायची. आम्ही सगळे आताच्या रस्त्यांवर त्यांना शोधत होतो.

इंदापूरच्या दवाखान्यात खुब्याचं ऑपरेशन झालं. दसऱ्याला मी ओटी भरायला देवळात गेले तर ती आराधीण दिसली. मी तिच्या पाया पडायला वाकले, तर तिनं हात धरले. "मी काय केलं? माझा घसा बसला हुता, म्हनून गानं सोडून पायरीवर बसले हुते." आणि हसली. वीज का गेली, तेही कळलं. डीपीतला फ्यूज उडाला होता. गर्दीच्या दिवसांत उडतोच, असं वायरमन म्हणाला. असेल. मी त्यावर कुणाशी वाद घातला नाही.

त्या संध्याकाळी दवाखान्यात आत्यांनी मला ओळखलं. मग विचारलं, "घटाला माळ घातलीस का गं रोज?"

अष्टमीपासून घरात कुणी घटाकडे पाहिलंही नव्हतं. खोटं बोलवेना. "राहिली, आत्या."

मला वाटलं, रागावतील. त्यांनी माझा हात आपल्या हातात घेतला, त्यावर दुसरा ठेवला आणि डोळे मिटले.

"ऱ्हाऊ दे. तिला कळतं."