एकटीच्या हातच्या पोळ्या

"मावशी, तुमचा टीबी ड्रग-रेझिस्टन्ट आहे," ठाण्याच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. म्हणजे टीबीच्या नेहमीच्या गोळ्यांना न जुमानणारा. खोटं कशाला सांगू, आधी थोडा अभिमानच वाटला. माझ्या अंगातला जंतूसुद्धा कोणाचं ऐकून घेणारा नव्हता.

मी डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्र चालवते. माझ्या पोळीतून पेपर वाचता येतो, इतकी ती पातळ. खोकलाही तसाच नामांकित होता. दिवाळीत सुरू झाला. मी खोकले की पार कल्याणची कबुतरं उडायची. मेडिकलमधून आणलेलं लाल औषध बाटल्याच्या बाटल्या प्यायले आणि गिऱ्हाइकांना सांगितलं, फोडणीचा ठसका आहे. टीबी म्हटलं असतं तर डबे बंद झाले असते.

होळी उलटल्यावर बेडक्यातून रक्त आलं, तेव्हा दवाखाना गाठला. साध्या टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. ताप हटेना, वजन उतरत राहिलं, म्हणून ठाण्याला पाठवलं.

तिथे बेडका पुन्हा मागितला. छातीच्या तळातून खोकून काढावा लागतो. तुमच्यावर वेळ आली तर चारचौघांत लाजून नुसती थुंकी देऊ नका. मी दिली होती. ती परत आली.

बेडक्यातल्या जंतूचा डीएनए वेगळा काढून एका यंत्रात सोडतात. मला वाटलं, फ्रीजएवढं धूड असेल. निघालं स्टेपलरएवढं, लॅपटॉपला वायरीने जोडलेलं. याला सिक्वेन्सिंग म्हणतात, म्हणजे जंतूच्या डीएनएची अक्षरं ओळीने वाचणं. कुठलं अक्षर बदललंय त्यावरून कोणतं औषध चालणार नाही ते कळतं. जंतू वाढवून तपासायचा तर आठवडेच्या आठवडे जातात. यात थोड्या दिवसांत उत्तर.

घरी डीएनए टेस्ट म्हटल्यावर आमचे हे म्हणाले, "या वयात कोणाचा बाप शोधतायत?"

रिपोर्टच्या आधी मॅडमनी विचारलं होतं, "बंद खोलीत तुमच्याबरोबर बराच वेळ कोण असतं? त्यांनाही तपासायला हवं."

"कोणी नाही हो. हजार पोळ्या मी एकटीच करते, या दोन हातांनी."

हे वाक्य मी दुकानात रोज फेकते. गिऱ्हाइकाला एका हातची चव लागते. तिथेही तोंडातून तेच गेलं, आणि मी ते मागे घेतलं नाही.

खरं म्हणजे समोर सुमन बसायची. दिवा स्टेशनहून लोकलने यायची, माझ्या मुलीच्या वयाची. मी लाटायचे, ती भाजायची. पंखा बंद, कारण वाऱ्याने शेगडीची आच हलते आणि पोळी फुगत नाही. खिडकी बंद, कारण वरचे धुराची तक्रार करतात. त्या कोंडलेल्या गाळ्यात मी हिवाळाभर तिच्या तोंडावर खोकले. होळीला ती खोकायला लागली, तेव्हा शेजारच्या दुकानदारांसमोर म्हटलं, "घरी बस बाई. दिव्याहून काय काय घेऊन येतेस." माझं निदान झाल्यावर आजूबाजूच्या दुकानांत सांगत सुटले की तिनेच मला दिला. गोष्ट इतकी रंगवली की मलाच खरी वाटायला लागली.

मध्ये तिचा फोन आला होता. "काकू, मला पण टीबीच्याच गोळ्या चालू झाल्यात. उतार पडत नाही. बरी झाले की येऊ ना परत?"

मी म्हटलं, "बघू."

रिपोर्ट हातात घेऊन मॅडम म्हणाल्या, "या जंतूवर नेहमीच्या गोळ्या चालतच नाहीत. तशाच खात राहिला असतात तर फुप्फुस गेलं असतं."

आणि सुमन त्याच गोळ्या खात होती.

"मॅडम," मी म्हटलं, "मी एकटी नाही करत पोळ्या."

सगळं सांगितलं. मॅडम चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "तिचा नंबर आहे?"

सुमनचा जंतूही त्या यंत्राने वाचला. अक्षरं माझ्याचसारखी, बदलही तेच. तिच्या गोळ्या बदलल्या. मी हळूच विचारलं, "मग कोणी कोणाला दिला म्हणायचा?"

"नुसत्या यंत्रावरून ठाम सांगता येत नाही. आधी खोकला कोणाला होता?"

एवढ्याशा यंत्राने मला पळवाट ठेवली होती. मला नाना गोष्टी सुचत होत्या. "मला," एवढंच म्हटलं.

पुढचे महिने मळमळीत आणि सांधेदुखीत गेले. बरं वाटल्यावर दुकानादुकानांतून खरी गोष्ट सांगत फिरले. खोटी सगळ्यांनी चहाबरोबर ऐकली होती. खरी ऐकायला कोणाला वेळ नव्हता. म्हणून इथे लिहिते. तुम्हाला डॉक्टर विचारतील, बरोबर कोण असतं. लाज वाटली तरी नाव सांगा. नाव सांगायला जेवढे दिवस उशीर, तेवढे दिवस कोणीतरी उगाच खोकत असतं.

सुमन बरी होऊन परत आली. मी पोळपाट मांडला, पण ती दारातच उभी.

"पंखा लावा, काकू. नाहीतर चालले मी."

"पोळी फुगणार नाही गं."

"एकटीने हजार फुगवत होतात ना? मग फुगवा की."

पंखा लावला. खिडकीही उघडली. आता पोळी कधी फुगते, कधी नुसतीच पडून राहते. परवा एक जुनं गिऱ्हाईक म्हणालं, "काकू, हात बिघडला वाटतं तुमचा."

"माझा लाटायचा," मी म्हटलं. "भाजायचा हिचा. ही सुमन."