फोनमधली हिरवी भिंत

मुलगी दीड वर्षाची झाली तेव्हा आम्ही तिला इथं पुण्याकडच्या आमच्या वस्तीतल्या अंगणवाडीत लस द्यायला नेलं. मी कंपनीतून सुट्टी घेतली होती. तिच्या आधीच्या सगळ्या लशी गावाकडे, अमडापूरजवळ, माझ्या आईच्या नाहीतर बायकोच्या मांडीवर झालेल्या. मी तेव्हा कामासाठी इथं एकटाच, एकाही वेळी नव्हतो. म्हणून या वेळी मीच तिला कडेवर घेतलं. सुई दिसायच्या आधीच मी तोंड फिरवलं.

सिस्टरनं विचारलं, "आधीच्या कुठल्याही डोसनंतर काही त्रास? जास्त ताप, झटके?"

"नाही, काहीच नाही," मी छातीठोक सांगितलं.

बायको खाली बघत होती. ती हळूच म्हणाली, "आला होता ताई. झटका आला होता."

रांगेतली एक बाई हसली, "घ्या! बापालाच पत्ता नाही!"

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी सुई बाजूला ठेवली. "मग हे मी इथं देणार नाही. आधी मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांना दाखवा. सांगितलंत ते फार बरं केलंत."

बाहेर पायरीवर बसून बायकोनं सगळं सांगितलं. साडेतीन महिन्यांची असताना डोस झाला, संध्याकाळी ताप चढला. डोळे वर गेले, हातपाय ताठ झाले. माझ्या आईनं तिला लुगड्यात गुंडाळलं आणि शेजाऱ्याच्या गाडीतून तालुक्याला, चिखलीला नेलं. वाटेतच पोर शुद्धीवर आली, तरी दवाखान्यात ठेवून घेतलं.

"मले काऊन नाही सांगतलं?"

"माय नको म्हणे. त्याचा जीव लहान हाये म्हणे. कावीळ झाली तवा काय केलं होतं तुम्ही?"

मुलगी जन्मली तेव्हा तिला थोडी कावीळ होती. फोनवर तेवढं ऐकलं आणि मी कोणालाही न विचारता एसटीत बसलो. घरी पोचलो तर पोर आरामात दूध पीत होती, आणि माझं काम गेलेलं. आमच्याकडे तसंही दूर राहणाऱ्याला वाईट काही कळवत नाहीत. बैल मेला तरी दिवाळीला घरी गेल्यावर रिकामा खुंटा बघूनच कळतं.

मग मला ती भिंत आठवली. त्याच सुमारास मी एकदा फोनवर पोरीला बघायला मागितलं होतं. आईनं लांबूनच दाखवली. झोपलेली, मागं हिरवी भिंत. आमचं घर पांढरं. मी विचारलं तर म्हणाली, "शेजारी आलो बाप्पा, त्याइच्या घरी कुलर हाये. उठवू नको तिले." मला तेव्हा केवढं बरं वाटलं होतं! पोर गारव्यात झोपली म्हणून मी त्या दिवशी दोन घास जास्त जेवलो होतो. ती भिंत दवाखान्याची होती.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी बरंच विचारलं. झटका किती वेळ होता, ताप किती होता, नंतर दूध प्याली का, पुन्हा कधी आला का. प्रत्येक उत्तर बायकोनं दिलं. मी पिशवी धरून उभा होतो. मी नववीत शाळा सोडली, पण हे शाळेत शिकायचं नव्हतंच. त्यासाठी घरी असायला हवं होतं.

तपासून डॉक्टर म्हणाले, "तापातला झटका होता तो. लस थांबवायचं कारण नाही. इथंच देऊ, थोडा वेळ बसून राहा. ताप आला तर हे औषध पाजा, आणि झटका आला तर लगेच घेऊन या." बायको, तिला कोणी विचारलं नसतानाही, खरं बोलली, आणि त्या सिस्टरनं ऐकून घेतलं, म्हणून हे असं देखरेखीखाली झालं. दोघींचे उपकार मी विसरणार नाही.

संध्याकाळी ताप आलाच. औषध पाजलं. पोर माझ्या मांडीवर, अंग कढत, आणि मी तिच्या डोळ्यांकडे एकटक बघत होतो. तेवढ्यात आईचा फोन.

"कशी हाये माही बाई?"

मस्त हाये, खेळून राह्यली, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण मी म्हणालो, "ताप हाये, माय. औषध देलं. मले चिखलीचं समजलं."

आई चिडलीच, "मंग आता कायले सांगतलं मले? इथून म्या काय करू? आता मले झोप कायची येते?"

मला तिचं पटलं. तरी फोन ठेववेना. "तू अशीच बसली होती ना वं, तिले घेऊन?" मी विचारलं.

"हाव," आई म्हणाली. "लय भेव लागलं होतं रे."

ती हे पहिल्यांदाच बोलली, त्या झटक्याला वर्ष उलटून गेल्यावर. मग म्हणाली, "फोन चालूच ठेव. ताप उतरला का सांग." मी फोन उशाशी ठेवला.