परखड महंत आणि माथेफिरू बुवा

पन्नास सालानंतरची गोष्ट. अर्जुनी मोरगावच्या बाजूला नागपूरच्या पेपराचा वार्ताहर मी एकटाच. दिवसा मास्तरकी, उरलेल्या वेळात ही वार्ताहरकी. माझी बातमी वाचायला म्हशीसुद्धा रवंथ थांबवतात, असं मीच सांगत फिरायचो. गारा पडल्या की नारळाएवढ्या लिहायच्या, जत्रेला दोनशे माणूस आलं की दहा हजार. संपादक त्यातली हवा काढून छापायचे. आमचं छान जमलं होतं.

त्या साली पाऊस भादव्यातच पळाला. धान पोटरीवर आलेलं. तलावात पाणी होतं, पण रिवाज असा की पहिलं पाणी मठाच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या खाचरांना. त्या काठोकाठ भरल्याशिवाय खालच्या शेतांचा पाट उघडायचा नाही. आणि त्या साली दोघांपुरतं पाणी नव्हतंच.

मठाचे महंत प्रवचनात गरजले, "जो पाटाला हात लावील, त्याचे हात तोडा! धर्माची आज्ञा आहे!"

खालच्या शेतांकडे एक बुवा राहायचा. खंजिरी आणि घोंगडी, संपला संसार. तो भजनाला आलेल्यांना म्हणाला, "पानी देवाचा आहे. सोमवारी भजन करत जाऊ अन् पाट उघडू. कोनी मारला तं मार खाऊ."

दोन्ही बातम्या मी एकाच पाकिटात धाडल्या. महंतांचं वाक्य जसंच्या तसं. त्यात आणखी मीठ टाकायला जागाच नव्हती. बुवावर मात्र माझा जीव. त्याच्यापुढे चाळीस माणसं होती, त्यातली सात झोपलेली. त्याचं वजन वाढावं म्हणून मी लिहिलं, 'हजारोंचा समुदाय पेटून उठला.'

रविवारी पेपर आला. वर 'महंतांचे परखड धर्ममार्गदर्शन'. हात तोडायचं वाक्य गायब. खाली 'माथेफिरू बुवाची चिथावणी, हजारोंचा जमाव पेटला'. या खेपेला माझ्या आकड्यातली हवा मात्र कुणी काढली नव्हती.

दुपारी हिंदी मुलखातला आमचा फौजदार बुवाला न्यायला गाडी घेऊन झोपडीवर. मी धावत गेलो.

"साहेब, चाळीसच लोक होते. हजार मी केले. हात तोडा म्हणाले ते महंत!"

"महंतजी परखड बोलते हैं. यहाँ छपा है." त्यानं पेपरावर बोट ठेवलं. "और मास्तर, जिसकी भैंस अखबार पढ़ती है, उसका हम भरोसा करें?"

शिपाई खो खो हसले. मीही सवयीनं हसलो.

बुवा घोंगडी खांद्यावर टाकून उभा. "मास्तर, माझा नाव पेपरात आला म्हनतेत. वाचून दाखवा ना. मले कोठं वाचता येते?"

मी पेपर समोर धरला आणि वाचलं, "पाण्यासाठी बुवांची शांतपणे विनंती. चाळीस माणसं हजर."

"बस? एवढासाच? तुमी तं लय मोठा लिहिता!" बुवा हसला. मग हात पुढे केला. "तो कागद द्या मले. ठान्यातल्या मोठ्या साहेबाले दाखवतो. खरा लिहिला आहे ना त्यात?"

फौजदार माझ्याकडे पाहत होता. मी पेपराची घडी घातली आणि बुवाच्या हातात दिली.

सोमवारी पाटाकडे कुणी गेलं नाही.