प्रत्येक ‘म्हणून’भोवती गोल

चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरहून फोन आला तेव्हा मी नगरपंचायतीत माझ्या टेबलाशी बसलो होतो. शशिकलाबाईंचा मुलगा बोलत होता. “देवाभाऊ, आई गेली. सकाळी चहा घेतला, खुर्चीत टेकली, अन् बस...” मी उभा राहिलो. शाळेत बाई वर्गात आल्या की उभे राहायचो, तसाच. पन्नाशीच्या माणसाचे पाय असे आपोआप का उठले, हे शेजारच्या टेबलावरच्यांना कळलं नसेल.

बाईंनी आम्हाला भूमिती शिकवली. सावली तालुक्याच्या धानपट्ट्यातल्या एका बौद्ध शेतमजूर कुटुंबातल्या त्या. घरात शिकलेल्या पहिल्याच. फळ्यावर सिद्धता लिहिताना ‘म्हणून’पाशी त्यांचा खडू थांबायचा आणि त्या वर्गाकडे वळून कारण विचारायच्या, “काऊन?” पाठ केलेलं उत्तर त्यांना चालत नसे. आम्ही त्यांना जाम घाबरायचो.

पण बाई खऱ्या अर्थानं मला कळल्या त्या त्यांच्या निवृत्तीनंतर कितीतरी वर्षांनी. आमच्या गावाला लागून वैनगंगा वाहते. तिच्या काठी लोकांच्या करमणुकीसाठी सरकारी खर्चातून काही करावं असं ठरलं आणि प्रस्ताव लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी एका मोठ्या शहराचा प्रस्ताव समोर ठेवून लिहून काढला. बोटिंग, रंगीत कारंजं, काचेचा सज्जा... नागरिकांचं मत घ्यायचं म्हणून एक प्रत बाईंकडे गेली. चार दिवसांनी त्यांनी मला बोलावलं. प्रत पुढ्यात होती आणि तिच्यातल्या प्रत्येक ‘म्हणून’भोवती पेन्सिलीनं गोल काढलेला होता.

“देवा, तू लिवलं काय हे?”

“हो बाई.”

“लोकं नदीवर येत नाईत, म्हणून आकर्षण पाह्यजे, असं लिवलं. येत नाईत हे तुले कोणं सांगितलं?”

मला कोणीच सांगितलं नव्हतं.

“चाल मंग. पाहून येऊ.”

सत्तरी ओलांडलेल्या बाई छत्री आणि प्लास्टिकचं स्टूल घेऊन चैत्राच्या उन्हात आठ दिवस घाटावर बसल्या. मीही रजा टाकली. आणि माझी नदी मला पहिल्यांदा दिसली. पहाटे पोहणारी म्हातारी माणसं, ढिवरांची जाळी, झाडाच्या तुकडाभर सावलीत अभ्यास करणाऱ्या मुली, धुणं आटोपून पाण्यात पाय सोडलेल्या बाया. बाई प्रत्येकीला विचारायच्या, “थांबावंसं वाटते काय?”

“वाटते न बाई. पण सावली नाई, ओले कपडे बदलाले आडोसा नाई. कितीक वेळ बसाव?”

बाईंनी अभिप्राय लिहिला. लोक येतातच, त्यांना थांबता येत नाही. सावली, रुंद पायऱ्या, बायांसाठी आडोसा आणि संडास करा. बोट नको, कारण पात्रात वाळूच जास्त आहे.

सभा भरली. एक तरुण उठून तावातावानं म्हणाला, “नदीवर मजा कराले पैसा आहे, अन् दवाखान्यात डॉक्टर नाई!” टाळ्या पडल्या. मला वाटलं, बाईंना हे पटेल. त्या उठल्या.

“डॉक्टर पाह्यजेच. पण इथी नाई लावला तर हा पैसा दवाखान्यात जाईल, असं कोणत्या कागदात आहे? अन् दिवसभर धानाचं रोवणं करून आलेल्या बाईनं घडीभर पाण्यात पाय सोडून बसाव, तर त्याले तुमी मजा म्हणून हिणवता?”

तेवढ्यात मागून एक म्हातारे ढिवर उभे राहिले. “बाई, तुमी उन्हाळ्यात पाह्यलं. दसऱ्यापासून संक्रांतीपावतर नदी भरून रायते. तवा आमचे डोंगे चालतेत.”

आता बाई त्यांनाही उत्तर देणार, असं सगळ्यांना वाटलं. पण त्या हसल्या. “बरोबर बोलले भाऊ. आठ दिवस पाह्यलं अन् साऱ्या वर्साचं लिवलं मी. माझंच ‘म्हणून’ कच्चं निघालं. देवा, ती ओळ काट. बोट पाह्यजे. पण या ढिवरायचीच, अन् पाणी असते तेवढेच महिने.”

नोकरीत मी शेकडो सभा पाहिल्या. हरल्यावर आवाज चढवणारे पाहिले, विषय बदलणारे पाहिले. स्वतःची चूक भरसभेत सापडल्यावर असा आनंद झालेलं माणूस मात्र तेवढं एकच पाहिलं. शाळेत आपण यांना उगाच घाबरत होतो, असं तेव्हा वाटलं; आणि घाबरत होतो ते बरंच झालं, असंही वाटलं.

सगळं काही बाईंच्या मनासारखं झालं नाही. कारंजं झालंच, हल्ली ते बंद असतं. पण घाट झाला, आडोसा झाला, छपराची सावली झाली आणि हिवाळ्यात ढिवरांचे डोंगे माणसं घेऊन फिरू लागले. पुढं बाईंचे गुडघे थकले आणि त्या मुलाकडे ऊर्जानगरला राहायला गेल्या. माझ्याही भेटी विरळ झाल्या...

परवा संध्याकाळी घाटावर गेलो होतो. छपराखालच्या पायरीवर बाया ओळीनं बसल्या होत्या. मधे एका माणसाची जागा मोकळी दिसली म्हणून मी तिकडे वळलो, तर एक जण म्हणाली, “भाऊ, तिथी नका बसू. एक म्हाताऱ्या बाई येतेत चंद्रपूरच्या एसटीनं, महिन्यातून एकदा. पायरीवरून त्यायले लवकर उठता येत नाई, म्हणून खांबापाशी जागा ठेवतो आमी. दोन महिने झाले, आल्याच नाईत.”

“काय नाव त्यांचं?”

“इचारलं नाई कधी. पाण्याकडे पाहत बसतेत, आमच्या संगं बोलतेत, अन् जातेत.”

ही सावली कोणामुळे आली, ते बाईंनी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. त्या गेल्या, हेही सांगितलं. जरा वेळानं आणखी तिघी-चौघी आल्या. बसलेल्या बाया सरकून दाटीवाटीनं बसल्या... खांबापाशी मात्र कोणीच सरकलं नाही.