खांबाचा धनी

दोन हजार वर्षं उभा असलेला खांब कॉर्पोरल इसिमेलीनं एका दुपारी साडेतीन वाजता आडवा केला. भूकंपांना जे जमलं नाही ते पाण्याच्या टँकरनं रिव्हर्समध्ये जमवलं. हेतू अगदी निर्मळ होता. शांतिसेनेतल्या फिजीच्या तुकडीची दक्षिण लेबनॉनमधली वर्षभराची नेमणूक संपत आली होती, नवव्या दिवशी घरी जाणारं विमान होतं आणि बायकोला दाखवायला एक फोटो हवा होता. टँकर, खांब आणि आपण स्वतः अशी तिघं एका चौकटीत मावेनात, म्हणून त्यानं गाडी जरा मागे घेतली. जरा जास्तच घेतली.

खांब मोडला नाही. एखादे आजोबा जेवणानंतर आडवे होतात तसा कण्हत, सावकाश आडवा झाला. इसिमेलीनं इकडेतिकडे पाहिलं, मागच्या बंपरला अडकलेली पानांची एक माळ ओढून काढून फेकली आणि आता शीळ घालत निघून जावं असा विचार केला. तेवढ्यात ऑलिव्हच्या शेवटच्या झाडाखालून हाक आली.

"बाहेर ये. टोपी काढ."

सार्जंट वाइसाके उभा होता. खरं तर ही गोष्ट त्याचीच. इसिमेली तिच्यात फक्त गाडी मागे घेण्यापुरता.

वाइसाके म्हणजे इसिमेलीच्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्यामुळे सगळं सुरळीत असलं की 'सार्जंट' आणि अंगाशी आलं की 'दाजी', अशी इसिमेलीची सोय होती. वाइसाके कंदावू बेटावरचा, त्रेचाळीस वर्षांचा, दाराच्या चौकटीशी रोज नव्यानं तडजोड करणारा माणूस. खांबाभोवतीचे हे भग्नावशेष चौकीपासून पाच मिनिटांवर. सगळी चौकी तिथं जाऊन दगडांवर बसून, दगडांना टेकून, दगडांवर नावं कोरायचा मोह कसाबसा आवरून आली होती. वाइसाकेनं मात्र वर्षभरात आत पाऊल टाकलं नव्हतं. ऑलिव्हच्या शेवटच्या झाडापर्यंत जायचा, टोपी काढायचा, थोडा वेळ बघायचा आणि परत यायचा.

"अहो दाजी, तिथं चिटपाखरू नाही. परवानगी घ्यायची कोणाची?" इसिमेली चिडवायचा.

"तुझ्या आईच्या घरात कोणी नसलं तर मी सरळ आत शिरून चुलीपाशी बसू का?"

फिजीत परक्या गावात जायचं तर यंगोनाची मुळी, जी कुटून पाण्यात कालवून पितात ती, घेऊन जायची, गावच्या मोठ्यापुढे मांडी घालून ठेवायची, त्यानं ती उचलली की मग उंबरा ओलांडायचा. इथं मुळी उचलायलाच कोणी नाही. म्हणजे उंबरा बंद. वाइसाकेच्या लेखी विषय संपला होता.

आता तो संपलेला विषय आडवा पडला होता.

"माफी मागावी लागेल," वाइसाके म्हणाला. "मुळी ठेवून. आणि खांबाच्या धन्यानं ती उचलायला हवी."

"धनी मेले हो, दाजी. कधीच मेले."

"मग विमानात तुझ्या मागच्या सीटवर बसून येतील. त्यांना कुठं तिकीट लागतं? आणि मग याच हातांनी लिटियाला उचलशील?"

इसिमेलीचं हसू तिथल्या तिथे मावळलं. त्याची लेक लिटिया सात महिन्यांची. तिला त्यानं अजून पाहिलेलं नव्हतं, फक्त ऐकलं होतं. बायकोनं पाठवलेल्या कॅसेटवर ती अकरा मिनिटं नुसती रडत होती आणि इसिमेली ते रडणं रोज गाण्यासारखं ऐकायचा. शिवाय त्याच्या काकानं एकदा दुसऱ्याच्या जमिनीतलं झाड न विचारता तोडलं होतं, तेव्हापासून वर्षभर काकाचा हात खांद्याच्या वर गेला नव्हता. डॉक्टर म्हणाला, सांधेदुखी. पण तो डॉक्टर शहरातला, त्याला काय कळतंय.

चौकीवर मुळीची एकच जुडी उरली होती. वाइसाकेनं ती ट्रंकेत वर्तमानपत्रात गुंडाळून शेवटच्या संध्याकाळसाठी जपली होती. बातमी फुटली तशी चौकी हळहळली. "याच्या रिव्हर्सपायी आमची शेवटची संध्याकाळ चहावर!"

दुसऱ्या दिवशी दोघं जुडी घेऊन गावचा प्रमुख अबू नदीम याच्याकडे गेले. त्यानं कॉफी पाजली, विचारपूस केली, जुडीला मात्र हात लावला नाही.

"छे छे, आमचा नव्हे. खांब रोमनांचा. त्यांना विचारा."

"ते कुठे भेटतील?" वाइसाकेनं गंभीरपणे विचारलं.

"असतील इटलीत."

तिसऱ्या दिवशी शहरातली पुरातत्त्व खात्याची कचेरी. तिथल्या माणसानं जाडजूड वही काढली, बोट फिरवलं आणि चष्म्यावरून पाहिलं. "या जागेवरचे सगळे खांब भूकंपात पडलेत. पडलेला खांब तुम्ही पाडू शकत नाही."

"पण आम्ही पाडलाय."

"कागदोपत्री नाही पाडलेला."

बाहेर आल्यावर इसिमेलीला नाचावंसं वाटलं. "सुटलो, दाजी!"

"पोरीला काय तो कागद उचलणार आहे?" वाइसाके म्हणाला आणि गाडीत बसला. तो तसूभरही खचला नव्हता. धनी असतोच, सापडायचा तेवढा राहिलाय, अशा थाटात त्यानं जुडी मांडीवर घेतली.

चौथ्या दिवशी सकाळी त्यानं इसिमेलीला समोर बसवलं. "डोळे मीट. खांब आठव. बायकोचं तोंड आठवतोस तसा."

"उंच होता. करडा होता. बाकी काही नाही."

"त्याच्यावर काय होतं?"

"काही नाही हो. एक सुतळी होती, पानांची माळ असलेली. बंपरला अडकली, मी फेकली."

वाइसाके ताडकन उठला.

"गाढवा, सुतळी काय रोमनांनी बांधली?"

अशा माळा कोण ओवतं ते विचारत दोघं टेकडीखालच्या घराशी पोचले. दारात उम्म जमील नावाची म्हातारी तंबाखूची हिरवी पानं लांब सुईनं दोऱ्यात ओवत बसली होती. सत्तरी उलटलेली. टँकर दिसताच तिनं सुई खाली ठेवली आणि तोंड उघडलं.

"आलात? चार दिवस ओरडतेय मी! सासूच्या काळापासून आमची तंबाखू वाळवायची माळ त्या खांबाला बांधलेली असते. तुमच्या फाटकावर आले, तर तुमच्या शिपायाला वाटलं अंडी विकायला आलेय. चार वेळा 'नको' म्हणाला. चार वेळा! अरे, कोंबडी तरी आहे का माझ्याकडे?"

वाइसाकेच्या चेहऱ्यावर वर्षभरात दिसलं नव्हतं असं समाधान पसरलं. त्यानं टोपी काढली, तिच्यापुढे धुळीत मांडी घातली, जुडी समोर ठेवली आणि ओंजळीचा पोकळ आवाज करत तीन टाळ्या वाजवल्या. मागे इसिमेली मान खाली घालून बसला. मग वाइसाके बोलू लागला. एरवी तो तिच्या भाषेत मोडकंतोडकं बोलायचा, पण माफी आपल्या बोलीतच मागायची असते. त्यानं खांबाचं नाव घेतलं, तिच्या सासूचं घेतलं, टेकडीचं घेतलं, आपल्या गावाचं आणि मेव्हण्याच्या मूर्खपणाचंही घेतलं. उम्म जमीलला त्यातलं अक्षर कळण्यासारखं नव्हतं. तरी ती गप्प झाली. ओरडणाऱ्या बाईपुढे एवढा मोठा माणूस जमिनीवर बसला की ओरडणं अवघड होतं.

त्याचं बोलणं संपलं. ती पुढे वाकली, जुडी उचलली, हुंगली, एक काडी मोडून चावली आणि थुंकली.

"अगं बाई, कडूजहर!" म्हणाली. पण जुडी परत ठेवली नाही. ओच्यात घेतली. "उठ आता, गुडघे धरतील तुझे. आणि तू रे, गाडीवाल्या, इकडे ये. ही सुई घे."

दोन दिवस इसिमेली पानं ओवत होता. ती शेजारी बसून त्याचे टाके मोजायची आणि "तुझ्या आईनं काही शिकवलं नाही का?" असं विचारायची. सातव्या दिवशी तिनं स्वतः हात करून वाइसाकेला भग्नावशेषांत आत बोलावलं. बारा जण, चार दोर, दोन जॅक आणि रग्बीच्या मैदानावर शोभेल असा आरडाओरडा, एवढ्यावर खांब उभा राहिला. गावाकडे जरासा कललेला, काहीतरी ऐकत असल्यासारखा. उम्म जमीलनं नवी माळ बांधली, ओढून पाहिली आणि मान हलवली.

मग वाइसाके टोपी हातात धरून पाव तास आतून हिंडला. ओळीनं सगळं पाहिलं: पायऱ्या, धान्याची दगडी पेवं, उंबऱ्यावर झिजून पडलेले खळगे. एकाही दगडाला टेकला नाही. कोणाच्या घरी बोलावणं आल्यावर जावं तसा गेला आणि तसाच, थांबून एकवार मागे बघून, बाहेर आला.

परतताना इसिमेली गाडी चालवत होता. तंबाखूच्या चिकानं काळेकुट्ट झालेले, स्टिअरिंगला चिकटणारे आपले दोन्ही हात त्यानं पाहिले आणि विचारलं, "दाजी, तिनं जुडी घेतली. मग आता लिटियाला उचलू ना मी?"

"आधी हात धू."