वीस ग्रॅम

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — ठाऊक नाही.

अमेरिकेत, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमध्ये माझी एअर पिस्तुलाची छोटी रेंज आहे. मी नागपूरच्या किराणा दुकानदाराचा मुलगा. घासाघीस करत, भांडत, एकेक खिळा स्वस्तात आणून ती उभी केली. आणि लोक तिला काय म्हणायचे? ‘ओक्सानाची रेंज’!

ओक्साना युक्रेनची विजेती नेमबाज. लढाई सुरू झाली तेव्हा इथे बहिणीकडे आली आणि माझ्याकडे शिकवू लागली. आपली मराठी पोरं तिच्यावर फिदा. त्यांचं ऐकून तीही मला ‘काका’ म्हणायची. आया डबे आणायच्या, ते तिच्यासाठी. पोरं तिच्या शेजारी उभी राहायची आणि मला म्हणायची, “काका, एक फोटो प्लीज?” म्हणजे मी काढायचा! राग यायचा. मी तो साठवत गेलो.

मग ह्यूस्टनची स्पर्धा आली. ती जिंकली की एका विद्यापीठात प्रशिक्षकाची नोकरी जवळजवळ पक्की होती.

या खेळात ट्रिगरला पाचशे ग्रॅमचं वजन अडकवून पिस्तूल उचलतात. ट्रिगर सुटला, तर नेमबाज बाद. तिचं स्वतःचं वजन खार्कीवच्या घरीच राहिलं होतं. स्क्रू फिरवून ट्रिगरचा ताण जुळवताना तिनं माझं वापरलं. मी ते जुन्या सामानातून, भाव पाडून आणलेलं. तपासलं होतं का? नाही. माझे बाबा दरवर्षी दुकानातली वजनं तपासून, शिक्का मारून आणायचे — आणि मी?

ती पहिली आली. नंतरच्या तपासणीत ट्रिगर सुटला.

सगळ्यांसमोर तिनं विचारलं, “काका, युअर वेट... इज इट ओके?”

माझं डोकं फिरलं. इतक्या लोकांत माझ्या वजनावर बोट? “माझं वजन बरोबर आहे,” मी ओरडलो. “तूच नंतर स्क्रू फिरवला असशील!”

आपल्या पोरांचे आईबाप तिथेच होते.

घरी येऊन मी ते वजन किचनच्या काट्यावर ठेवलं. चारशे ऐंशी. काढलं, पुन्हा ठेवलं. चारशे ऐंशी.

फोन शेजारीच होता — आयोजकांना एक फोन करायचा होता, बस. निकाल बदलला नसता, पण तिचं नाव स्वच्छ झालं असतं. मी वजन खिशात टाकलं आणि जेवायला बसलो. दुसऱ्या दिवशी ते रेंजवरच्या काउंटरच्या ड्रॉवरमध्ये टाकलं.

पुढच्या आठवड्यात कुजबुज सुरू झाली. “तिकडेही अशीच जिंकली असेल.” मी ऐकत होतो. खोटं कशाला बोलू — पहिले दोन दिवस बरंही वाटलं. डबे थांबले. विद्यापीठाकडून नकार आला.

शहर सोडून जाण्याआधी ती रेंजवर आली. काउंटरपाशी उभी राहिली — ड्रॉवरपासून हातभर अंतरावर. स्क्रूला हात लावल्याचं तिला आठवत नव्हतं, पण लावला असेल, म्हणाली. तिच्यामुळे माझ्या रेंजचं नाव खराब झालं म्हणून तिनं माझी माफी मागितली.

आणि मी — मी तिला माफ केलं.