मोठ्या बाईंचा सहा वाजताचा पेला

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, शिरूर मुक्कामी राहणाऱ्या, वय वर्षे शेहेचाळीस, धंदा मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवणे, अशा एका इसमाने गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारी, सायंकाळी पाचच्या सुमारास, एस.टी. स्टँडसमोरच्या कोल्ड्रिंकच्या दुकानात रास्पबेरीची अर्धी बाटली टेबलावर ठेवली आणि त्या क्षणापासून बाटलीतली यच्चयावत गोड, रंगीत, फसफसणारी पेये कायमची वर्ज्य केली. सदर इसम मीच. आणि एवढ्या मोठ्या निर्णयाला कारणही तेवढंच मोठं घडलं होतं. आमच्या शाळेचा शिपाई सायकल भिंतीला टेकवून दुकानात आला आणि म्हणाला, "सर, मोठ्या बाई गेल्या."

"कुठं, दौंडला?" मी विचारलं. नळी अजून तोंडातच होती.

त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. तेव्हा कळलं. दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. मी बाटली ठेवली आणि बाईंच्या घराकडे निघालो. वाटेत हापशापाशी थांबून तीनदा खळखळून चूळ भरली, कारण रास्पबेरीनं जीभ लाल झाली होती आणि ती लाल जीभ घेऊन बाईंच्या समोर जायची माझी छाती नव्हती. लोक दारू लपवतात. मी पाच वर्षं रास्पबेरी लपवत आलो होतो, आणि ज्यांच्यापासून लपवत होतो त्या आता डोळे मिटून पडल्या होत्या. तरी मी चूळ भरली.

इंदुमती कदम हे त्यांचं नाव फक्त हजेरीपटावर आणि पगाराच्या वेळी निघायचं. एरवी सगळ्या गावाला त्या मोठ्या बाई. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, विषय भूगोल, लग्न केलेलं नाही, राहायला शाळेच्याच मालकीच्या दोन खोल्या आणि पुढं दगडी ओटा. मी शाळेत लागलो तेव्हा त्या स्वतः थंड पेयांच्या अट्टल भक्त होत्या, हे आज कुणाला खरं वाटणार नाही. स्टँडसमोरच्या त्या दुकानात खुर्चीवर बसून, बाटली तोंडाला लावून पिणारी शिरूरमधली पहिली बाई म्हणजे आमच्या मोठ्या बाई. रोज दोन रास्पबेरी, उन्हाळ्यात तीन. मी शाळेची नाटकं बसवायचो म्हणून मला त्या 'सूत्रधार' म्हणायच्या आणि तालीम संपली की सोबत घेऊन जायच्या. ढेकर आली की पदर तोंडाला लावायचा, समोर भिंतीकडे बघायचं आणि म्हणायचं, "सूत्रधार, तुम्ही काही ऐकलं नाही." मी कधीच काही ऐकलं नाही.

हा सुखाचा संसार मोडला दौंडमध्ये. ट्रेनिंग कॉलेजातली त्यांची एक मैत्रीण, रोझी, रेल्वेच्या शाळेत शिकवायची. नवरा इंजिन ड्रायव्हर, घर रेल्वे कॉलनीत. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षी नाताळात बाई तिच्याकडे गेल्या, आणि नाटकासाठी एक लांब कोट मागून आणायचा होता म्हणून मीही गेलो. एस.टी.नं दोघांच्या डोक्यात एवढी धूळ भरली होती की रोझीनं आम्हाला आधी अंगणातच झाडलं. मग तिनं केक दिला आणि केकबरोबर बोटभर उंचीच्या दोन पेल्यांत काळपट लाल काहीतरी. राहू गावाकडच्या एका मळ्यातली काळी द्राक्षं उन्हाळ्यात आणून तिनं बरणीत घातली होती, त्याची ही वाईन. बाईंना तहान लागलेली. त्यांनी रास्पबेरीच्या सवयीनं पेला उचलला आणि एका घोटात खलास केला.

रोझी किंचाळली. बाई वाईन प्यायल्या म्हणून नव्हे, तर अशा प्यायल्या म्हणून. "इंदू! गाडी सुटतेय का तुझी?" ती म्हणाली. "उन्हाळाभर मी त्या बरणीजवळ दबक्या पावलांनी चालले, आणि तू अशी नरड्यात ओततेस? तोंडात ठेव जरा. फिरव. तिला काय सांगायचंय ते सांगू दे, मग गीळ."

तिनं दुसरा पेला भरला. बाईंनी या खेपेला एक थेंब घेतला आणि डोळे मिटले. मी पाहत होतो. नकाशात एखादं गाव सापडत नसताना त्या जशा कपाळाला आठ्या घालायच्या, तशा आठ्या पडल्या. मग हळूहळू एकेक आठी गेली... पाच-सहा मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "रोझी, यात मागं कुठंतरी जांभळाची बी आहे." रोझीनं त्यांचा हात धरला. माझं म्हणाल, तर मला भिजलेल्या गोणपाटाचा वास आला. पण मी रंगभूमीचा माणूस. मी मान डोलावली आणि "वा!" म्हणालो.

"काय लागलं?" बाईंनी विचारलं.

"द्राक्ष," मी म्हणालो.

"ते तर न पिताही सांगता येतं. दहापैकी एक."

दुसऱ्या दिवशी शिरूरला त्या नेहमीच्या खुर्चीत बसल्या, नेहमीची बाटली आली. त्यांनी एक घोट घेतला, रोझीनं शिकवलं तसा तोंडात ठेवला, फिरवला, आणि बाटली खाली ठेवली. "साखर, रंग आणि ढेकर," त्या म्हणाल्या. "यात चौथं काही असेल तर मला दाखवा." दुकानदार बिचारा बाटली उजेडात धरून खरंच शोधायला लागला. त्यानंतर बाई त्या दुकानाची पायरी चढल्या नाहीत. दोन वर्षांपूर्वी बाटलीतलं ते काळं परदेशी पेय सरकारनं देशाबाहेर घालवलं तेव्हा गावात केवढी चर्चा. बाई म्हणाल्या, "दिल्लीला माझ्यापेक्षा उशिरा कळलं."

आता बाई म्हणजे कायद्याच्या पक्क्या. प्यायची तर परवाना हवा. त्या सरळ पुण्याला गेल्या, रांगेत उभ्या राहिल्या. मी सोबत होतो, रांगेतली एकमेव बाई त्याच होत्या. फॉर्मात कारणाचा रकाना होता. त्यांनी त्यात लिहिलं, 'आवडते म्हणून.' कारकुनानं चष्मा वर केला. "बाई, असं कुणी लिहीत नाही. झोप येत नाही, भूक लागत नाही, असलं काहीतरी लिहा."

"झोप उत्तम येते. भूक अहो विचारू नका."

"मग मी काय करू?"

"खरं लिहिलंय, त्यावर शिक्का मारा."

बराच वेळ तो शिक्का हातात धरून बसला होता. शेवटी मारला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सहाला ओट्यावर त्यांची खुर्ची, पुढं टेबल, वह्यांचा गठ्ठा आणि एक पेला. एकच. सुरुवातीला त्या कपातून प्यायच्या. पण जाणारे-येणारे "बाई, चहा चाललाय का?" म्हणायला लागले आणि बाईंना ते खोटं वाटायला लागलं. त्यांनी कप बंद केला आणि पारदर्शक काचेचा पेला काढला. "कुणी फसायला नको," म्हणाल्या. मी हात जोडले, म्हटलं, बाई, फसू द्या हो गावाला, गावाची काही तक्रार नाही! त्यांनी ऐकलं नाही. मला मात्र शनिवारी अर्धा पेला मिळायचा आणि परीक्षा द्यावी लागायची. तीन वर्षं मी दहापैकी दोनच्या वर गेलो नाही. मग एका शनिवारी मी घोट तोंडात फिरवत राहिलो आणि शेवटी म्हणालो, "चिंचेच्या झाडाखाली दुपारी झोपून उठल्यावर तोंडाला जी चव असते... ती." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "सहा," म्हणाल्या. आयुष्यात मला मिळालेली पारितोषिकं पुष्कळ आहेत, पण हे सहा गुण मी कुणाला देणार नाही. (रास्पबेरी चोरून चालूच होती. चव येणं वेगळं आणि सवय जाणं वेगळं.)

पण हे सहा गुण मिळायच्या कितीतरी आधी, काचेचा पेला निघाल्यावर दोन महिन्यांतच, शाळा समितीकडे तक्रार गेली. समितीचे अध्यक्ष आप्पा. केंदूरकडचे मोठे बागाईतदार, शब्दाला वजन, मनानं वाईट नाहीत. शेतावरच्या खोलीत त्यांची संध्याकाळ कशी जाते हे तालुक्याला ठाऊक होतं, पण ती खोली शेतावर होती आणि बाईंचा पेला ओट्यावर. सभा भरली. मी अक्षर बरं म्हणून लिहायला. आप्पा म्हणाले, "बाई, तुमचं काम सोन्यासारखं हाय, त्यात वाद न्हाई. पर पोरींच्या शाळंत ह्ये चालायचं न्हाई. मानसं पोरी काढून घ्यायला लागल्यात."

हे मात्र खरं होतं. केंदूरहून एस.टी.नं सात मुली यायच्या. त्यांच्या घरी जाऊन, ओसरीवर बसून, एकेका बापाला पटवून बाईंनी त्या आणल्या होत्या. बाई गेल्या असत्या तर त्या सातजणी दुसऱ्या दिवसापासून खुरपं घेऊन रानात दिसल्या असत्या. नोकरी गेली तर दोन खोल्याही जाणार होत्या, पण खोल्यांचं बाईंनी नाव काढलं नाही. त्या म्हणाल्या, "शाळेत नाही, आप्पा. घरी. आणि चढेपर्यंत कधीच नाही."

"चढल्यालं पिणाऱ्याला कवा कळतंय व्हय?" एक सभासद म्हणाले. अनुभवाचा सूर होता.

तेव्हा सोनवणे सर उठले. आमचे गणिताचे सर, बौद्ध, पंचशील अगदी मनापासून पाळणारे. त्या खोलीत कधीही थेंब न घेतलेले ते एकटेच होते. "मी घेत नाही, घेणारही नाही," ते म्हणाले. "माझी मुलगी बाईंच्या वर्गात आहे. बाईंना चढते असं दिसलं तर पहिला हात माझा वर जाईल. पण न बघता ठराव करणं म्हणजे गणित न सोडवता उत्तर लिहिणं. ते मी मुलींनासुद्धा करू देत नाही."

"मग येऊन बघा," बाई म्हणाल्या. "गुरुवारी सहाला. मी राजीनामा लिहून, सही करून टेबलावर ठेवते. जीभ अडखळली, तोल गेला, वहीतल्या गुणांची एक बेरीज चुकली, तर आप्पा, तुम्ही तो उचला."

गुरुवारी आम्ही चौघे ओट्यावर. आप्पा, ते अनुभवी सभासद, सोनवणे सर आणि पंचनामा लिहायला मी. दौतीखाली राजीनाम्याचा कागद. बाईंनी सगळ्यांना चहा दिला. "परवाना माझ्या एकटीच्या नावावर आहे, तेव्हा आग्रह करता येत नाही," असं म्हणून त्यांनी बाटली उघडली. बूच निघाल्याचा आवाज झाला आणि आप्पांनी नकळत मांडी बदलली. बाईंनी पेला भरला, उजेडात धरला, वास घेतला, ठेवला. एक वही तपासली. मग एक घोट. पुन्हा वही. कुणा मुलीनं भीमा सोलापूरकडून दौंडकडे वाहत आणली होती. बाईंनी लाल शाईनं तिला परत फिरवलं. तपासलेली प्रत्येक वही सोनवणे सर घेत, बेरीज करत आणि खाली ठेवत.

"चढली का?" सभासद कुजबुजले.

"बेरीज बरोबर आहे," सर म्हणाले.

पंधरा मिनिटं झाली. पेला बोटभर खाली गेला होता. बाई सावकाश, एकेक थेंब ओळखून घेत होत्या. आप्पांचा चहा गार झाला, त्यावर साय आली. ते वह्यांकडे बघेनासे झाले, बाईंच्या चेहऱ्याकडेही बघेनासे झाले. त्यांची नजर पेल्यावर. बाईंनी पेला उचलला की आप्पांची मान वर, आणि ओठाला लावून तसाच खाली ठेवला की मान खाली. अर्धा तास. पाऊण तास. स्टँडवरून पुण्याची गाडी गेली. बावीस वह्या झाल्या, सगळ्या बेरजा बरोबर, आणि पेल्यात अजून अर्धी वाईन शांत बसलेली...

पुढचं सगळ्या गावाला माहीत आहे. राजीनामा आप्पांनीच उचलला आणि फाडून स्वतःच्या चहाच्या बशीत टाकला. सातही मुली शाळेत राहिल्या, त्यातल्या दोघी आज मास्तरणी आहेत आणि बाईंच्या दहाव्याला त्यांनीच सगळ्यांना वाढलं. रोझी दौंडहून आली होती. सहा वाजता ती ओट्यावर येऊन बसली, आम्हीही बसलो. कुणी काही प्यायलं नाही. खोल्या आता नव्या बाईंना मिळतील. टेबल शाळेचंच आहे.

त्या पंचनाम्याची प्रत माझ्याकडे आहे. त्यात मी सगळं लिहिलं आहे. वेळ, वह्या, बेरजा, बाईंची न अडखळलेली जीभ. एक वाक्य मात्र आप्पांनी मला लिहू दिलं नाही. "मास्तर, त्येवढं सोडा," असं त्यांनी माझा हात धरून सांगितलं होतं. आता आप्पाही थकले आहेत, परवा भेटले तेव्हा बाईंच्या आठवणीनं त्यांचे डोळे भरून आले, आणि ते म्हणाले की आता लिहायला हरकत नाही. तर लिहितो. सहा वाजून एक्कावन्न मिनिटांनी बाईंनी पेला पुन्हा उचलला, वास घेतला, जरा विचार केला आणि न पिताच खाली ठेवला. तेव्हा आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष खुर्चीवरून ताडकन उठले आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले,

"अवो बाई, टाका की आता येकदाची घशात! हितं आमचा जीव चाललाय!"